कुंडीतली चिलटं का जात नाहीत? 'जैविक' औषध विकत घेण्याआधी हे वाचा

पावसाळा लागला की शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या फ्लॅटपासून दौंड, केडगाव, यवतच्या अंगणापर्यंत एक तक्रार सारखीच असते. कुंडीला पाणी घातलं की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात, चहाच्या कपावर आणि मोबाईलच्या स्क्रीनवर येऊन बसतात. स्प्रे मारला तर दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी चिलटं पुन्हा हजर होतात.

मग मोबाईलवर शोध सुरू होतो. एका रीलमध्ये दालचिनी सांगतात, दुसऱ्यात तांदळाचं पाणी, तिसऱ्यात 'बीटी टाका, शंभर टक्के जैविक' असा सल्ला मिळतो. कृषी सेवा केंद्रात जाऊन बीटीची बाटली आणली जाते, कुंडीत ओतली जाते आणि चिलटं तशीच उडत राहतात.

बाटली खोटी असेलच असं नाही. पण ती दुसऱ्याच किडीसाठी बनवलेली असू शकते. जैविक नियंत्रण समजून घेताना हीच गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते: इथे औषध म्हणजे एक जिवंत जीव किंवा त्याने बनवलेला पदार्थ असतो आणि तो ठरावीक शत्रूलाच मारतो. नाव जवळपास बरोबर असून भागत नाही.

ही चिलटं नेमकी कोणती?

इंग्रजीत यांना 'फंगस नॅट' म्हणतात. आपण 'बुरशीची चिलटं' म्हणू. सायरिडी नावाच्या कुळातले हे कीटक आहेत आणि कुंड्यांमध्ये बहुतेक वेळा त्यातल्या 'ब्रॅडिसिया' या प्रजातीसमूहातली चिलटं सापडतात. आकार २ ते ४ मिलिमीटर, रंग काळपट, पाय लांब आणि उडणं अगदी लेचंपेचं. ती चावत नाहीत आणि डासांसारखे रोगही पसरवत नाहीत.

खरा प्रश्न मातीच्या आत असतो. मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात अंडी घालते. एक मादी आयुष्यभरात १०० ते २०० अंडी घालू शकते. अंड्यातून निघणाऱ्या अळ्या पांढऱ्या, जवळजवळ पारदर्शक असतात आणि त्यांचं डोकं काळं, चकचकीत असतं. त्या मातीतली बुरशी, शेवाळ, कुजणारा पालापाचोळा खातात आणि संख्या वाढली की झाडाची कोवळी मुळंही कुरतडतात.

साधारण २४ अंश सेल्सिअस तापमानात अंडं ३ दिवसांत फुटतं, अळी सुमारे १० दिवस खात राहते आणि कोष ४ दिवसांचा असतो. म्हणजे १७ दिवसांच्या आसपास नवी पिढी तयार होते. उडणारं चिलट मात्र साधारण आठवडाभरच जगतं.

हे गणित डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तुम्हाला दिसणारी चिलटं ही शेवटची पायरी आहे. तुम्ही हवेत स्प्रे मारता तेव्हा मातीत अंडी, अळ्या आणि कोष अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी चालू असतात.

हीच आहेत हे ओळखायचं कसं?

घरात उडणारं प्रत्येक चिलट कुंडीतलं नसतं. केळी, आंबा किंवा कचऱ्याच्या डब्याभोवती फिरणारं, लालसर डोळ्यांचं आणि पिवळट अंगाचं चिलट म्हणजे फळमाशी. बाथरूमच्या भिंतीवर बसणारी, केसाळ पंखांची छोटी माशी गटारातून येते. या दोघींवर कुंडीतला कोणताही उपाय चालणार नाही.

कुंडीची खात्री करायला बटाटा पुरतो. कच्च्या बटाट्याची एक सेंटिमीटर जाडीची चकती कापा, मातीवर दाबून ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. खालच्या बाजूला काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या तर निदान पक्कं. पांढरे, धाग्यासारखे पण काळं डोकं नसलेले जंतू दिसले तर ते बहुधा सेंद्रिय पदार्थ कुजवणारे निरुपद्रवी किडे आहेत. गांडूळ खत घातलेल्या कुंडीत ते नेहमी सापडतात. हात लावताच टुणकन उडी मारणारे बारीक जीवही सहसा झाडाला त्रास देत नाहीत.

दुसरी खूण म्हणजे पिवळा चिकट सापळा. दौंड आणि शिरूरच्या भाजीपाला उत्पादकांना हे सापळे नवे नाहीत. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी ते शेतात लावले जातात. त्याच सापळ्याचा छोटा तुकडा काडीला अडकवून कुंडीत मातीच्या अगदी जवळ लावायचा. त्याने प्रश्न सुटत नाही, पण आठवड्याला किती चिलटं चिकटली हे मोजता येतं. उपाय लागू पडतोय की नाही, हे त्या आकड्यावरून कळतं.

झाडाचं खरंच नुकसान होतं का?

मोठ्या, जुन्या झाडाला थोड्या अळ्यांनी फारसा फरक पडत नाही. मनी प्लांट किंवा स्नेक प्लांटमध्ये चार चिलटं दिसली म्हणून घाबरण्याची गरज नाही.

नुकसान होतं ते कोवळ्या रोपांचं. नुकतीच उगवलेली मिरची, टोमॅटो, कोथिंबीर, ताज्या फांदीपासून लावलेलं गुलाबाचं कलम यांची मुळं मोजकीच असतात. ती कुरतडली गेली की रोप पाणी असूनही मलूल दिसतं, पानं पिवळी पडतात. शिवाय अळीने केलेल्या जखमेतून पिथियम, फ्युजॅरियमसारख्या बुरशी आत शिरतात. रोपं बुडाशी नरम होऊन कोलमडतात. शेतकरी याला रोपांची 'मर' म्हणतात.

त्यामुळे रोपवाटिकांसाठी हा गंभीर विषय आहे. पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंडच्या अलीकडे, हवेली तालुक्यातल्या सोरतापवाडी आणि उरुळी कांचन परिसरात रोपवाटिकांच्या रांगा आहेत. तिथून रोपं शिरूर–दौंडच्याच नव्हे तर राज्यभरातल्या घरांत जातात. ट्रेमध्ये कोकोपीटवर हजारो रोपं एकत्र वाढतात तिथे ओल कायम असते आणि ही चिलटं तिथे रमतात. अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या शेडमध्ये तर सायरिड माशी ही जगभरातली प्रमुख कीड मानली जाते, कारण तिथे तिचं आवडतं अन्नच पिकवलं जातं.

पण आपल्याकडे तर पाऊस कमी. मग ही येतात कुठून?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत मोडतात. भीमा, घोड, मुळा-मुठा नद्या आणि धरणांचे कालवे यांच्यामुळे ऊस पिकतो, पण हवा बरीचशी कोरडी. एप्रिल–मेच्या उन्हात ही चिलटं खूप कमी होतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात माती उशिरा सुकते, तेव्हा ती वाढतात.

हवा कोरडी असली तरी कुंडी ओली असते. त्यामागे तीन सवयी दिसतात.

पहिली, माती भरतानाची. ऊसपट्ट्यात कारखान्याचा प्रेसमड आणि घरचं शेणखत सहज मिळतं. दोन्ही उत्तम खतं आहेत, पण पूर्ण कुजलेली असतील तरच. कच्चं शेणखत किंवा अर्धवट कुजलेला प्रेसमड कुंडीत भरला की त्यावर बुरशी वाढते आणि चिलटांना जेवणाचं ताट वाढलं जातं.

दुसरी, पाण्याची. नळाला पाणी आलं की भांडी भरायची आणि उरलेलं कुंड्यांना द्यायचं, अशी अनेक घरांची रीत आहे. झाडाला गरज आहे की नाही, हे बघितलंच जात नाही. तुळशीला तर रोज तांब्याभर पाणी घालायची प्रथा. वृंदावनाला खाली भोक नसेल तर ते पाणी आतच साचतं.

तिसरी, सोशल मीडियाची. तांदूळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, केळीच्या सालीचं पाणी, ताक हे सगळं 'फुकटचं खत' म्हणून कुंडीत ओतलं जातं. त्यातला स्टार्च आणि साखर मातीच्या वरच्या थरात बुरशी वाढवतात. चिलटं झालेल्या कुंडीत हे प्रकार निदान महिनाभर पूर्ण बंद ठेवायला हवेत.

'जैविक नियंत्रण' म्हणजे काय? उसाला विचारा

हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला आणि पुढे तो महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या ऊसपट्ट्यात वेगाने पसरला. पानांच्या खाली कापसासारखे पांढरे थर, वर काळी बुरशी. उंच, दाट उसात फवारणी करणंही अवघड होतं.

हा मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा मित्रकीटकांचा होता. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक लोकरी मावा खातात. हे मित्रकीटक असलेली पानं एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन सोडली गेली. ईशान्य भारतातून एन्कार्सिया नावाची एक बारीक गांधीलमाशीही आणली गेली. ती माव्याच्या अंगात अंडी घालते. जिथे मित्रकीटक आले तिथे रासायनिक फवारणी टाळा, हा सल्ला त्यासोबत होता, नाहीतर शत्रूबरोबर मित्रही मेला असता.

पपईच्या पिठ्या ढेकणाचंही तसंच. २००८ मध्ये कोइमतूरला दिसलेली ही कीड महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. २०१० मध्ये बंगळूरुच्या राष्ट्रीय कीटक संशोधन संस्थेने प्यूर्टो रिकोहून तिच्या खास शत्रू असलेल्या परजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यातल्या ॲसेरोफॅगस पपायी या माशीने मोठं काम केलं.

दोन्ही उदाहरणांत यश मिळालं ते नेमक्या किडीसाठी नेमका शत्रू शोधल्यामुळे. डिफाची अळी पपईच्या ढेकणावर उपयोगाची नाही आणि ॲसेरोफॅगस उसावर काही कामाची नाही. कुंडीतही हाच नियम लागू होतो.

बीटीआय: बाटलीवरचं शेवटचं अक्षर महत्त्वाचं

'बीटी' म्हटलं की आपल्याला कापूस आठवतो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत राहणारा जिवाणू. १९०१ मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांना तो रेशीमकिड्यांच्या रोगात सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात अर्न्स्ट बर्लिनर यांनी त्याचं वर्णन केलं आणि प्रांताचं नाव त्याला चिकटलं. हा जिवाणू प्रथिनाचे स्फटिक बनवतो. किडीने ते खाल्ले की आतड्यात विरघळतात, आतड्याच्या पेशींना भोकं पाडतात, कीड खाणं थांबवते आणि मरते.

पण या जिवाणूचे अनेक उपप्रकार आहेत आणि प्रत्येकाचे स्फटिक वेगळे.

*कुर्स्टाकी* हा उपप्रकार पतंगवर्गीय अळ्यांवर चालतो, म्हणजे कोबीवरची, घाट्यातली, बोंडातली अळी. कृषी सेवा केंद्राच्या कपाटात 'बीटी' म्हणून बहुतेक वेळा हाच असतो. चिलटांच्या अळीला त्याने काहीही होत नाही.

*इस्रायलेन्सिस* हा दुसरा उपप्रकार. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डासांच्या डबक्यातून जोएल मार्गालिट आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांनी तो शोधला. तो डास, काळ्या माश्या आणि बुरशीची चिलटं यांच्या अळ्यांवर चालतो. त्यालाच थोडक्यात 'बीटीआय' म्हणतात. आपल्याला हवा तो हाच.

भारतात बीटीआय मुख्यतः डासांच्या अळ्या मारण्यासाठी वापरला जातो. हिवताप आणि डेंगी नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात त्याला मान्यता आहे. त्यामुळे तो शेती औषधांपेक्षा डासनाशकांच्या विक्रेत्यांकडे मिळण्याची शक्यता जास्त. लेबलावर 'इस्रायलेन्सिस' हा शब्द किंवा 'एच-१४' हा उल्लेख शोधा. तो नसेल तर बाटली परत ठेवा.

वापरताना हे लक्षात घ्या:

– बीटीआय खाल्ला तरच मारतो. फवारून उपयोग नाही. पाण्यात मिसळून मातीचा वरचा २ ते ३ इंचांचा थर पूर्ण भिजेल असा ओतावा लागतो, कारण अळ्या तिथेच असतात.
– लहान अळ्यांवर तो सर्वांत चांगला चालतो. पूर्ण वाढलेली, खाणं थांबवलेली अळी, कोष आणि उडणारी चिलटं यांच्यावर परिणाम होत नाही.
– कुंडीत तो स्वतःहून वाढत नाही आणि फार दिवस टिकत नाही. म्हणून ५ ते ७ दिवसांच्या अंतराने निदान तीन वेळा द्यावा लागतो.
– उन्हात तो लवकर निकामी होतो. संध्याकाळी द्या आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.
– डासांसाठीच्या पाकिटावर साठलेल्या पाण्याचं प्रमाण दिलेलं असतं. चिलटांना सहसा त्याहून जास्त मात्रा लागते. कुंडीचं प्रमाण छापलेलं नसेल तर अंदाजाने न टाकता कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

सुरक्षिततेचं काय? हे स्फटिक विरघळायला अल्कधर्मी आतडं लागतं. माणसाचं पोट आम्लधर्मी असतं. गांडुळं, मधमाश्या, मांजर, कुत्रा यांना बीटीआयचा त्रास होत नाही. तरी पावडर नाकातोंडात जाऊ नये म्हणून मिसळताना रुमाल बांधा आणि हात धुवा.

सूत्रकृमी: हुमणीवाला मित्र

दुसरा पर्याय म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारे हे जंतू पाण्याच्या पातळ थरातून पोहत अळीपर्यंत जातात, तिच्या शरीरात शिरतात आणि पोटातले जिवाणू आत सोडतात. अळी दोन-तीन दिवसांत मरते. सूत्रकृमी तिच्यातच वाढतात आणि नवी पिल्लं पुढच्या अळीच्या शोधात निघतात. झाडाच्या मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी वेगळे, हे वेगळे.

युरोप–अमेरिकेत चिलटांसाठी 'स्टायनरनेमा फेल्टी' ही जात वापरतात. मराठी मंडळी लंडन किंवा टोरांटोमध्ये राहत असतील तर त्यांना ती घरपोच मिळेल. पण तिला थंड ते मध्यम हवामान मानवतं. माती ३० अंशांच्या वर तापली की तिचं काम मंदावतं.

आपल्याकडची जात म्हणजे 'हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका'. नावातच इंडिका आहे, कारण तिचं पहिलं वर्णन १९९२ मध्ये कोइमतूरच्या नमुन्यांवरून झालं. ती उष्णता जास्त सहन करते. बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची पावडर विकसित केली आहे आणि ती मुख्यतः उसातल्या हुमणीसाठी वापरली जाते. उष्ण तापमानातल्या हरितगृह प्रयोगांत ही जात चिलटांच्या अळ्यांवरही चालल्याचं दिसलं आहे.

घरी हुमणीसाठी आणलेली पावडर उरली असेल तर कुंडीत वापरून बघायला हरकत नाही, पण पाकीट जिवंत असायला हवं. मुदत संपलेलं किंवा दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेलं पाकीट म्हणजे मेलेल्या जंतूंची पावडर. संध्याकाळी, ओल्या मातीत द्यायचं आणि पुढचे काही दिवस माती सुकू द्यायची नाही.

नीम, ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया यांचं काय?

*नीम:* निंबोळीतला ॲझाडिरॅक्टिन अळीची वाढ आणि कात टाकणं बिघडवतो. नोंदणीकृत नीम औषध लेबलवरच्या प्रमाणात मातीत ओतल्यास मदत होते, पण परिणाम सावकाश दिसतो. निंबोळी पेंड मात्र मातीच्या वर पसरू नका. ओली पेंड स्वतःच बुरशी धरते. द्यायचीच तर मातीत मिसळून, आणि चिलटं गेल्यावर.

*ट्रायकोडर्मा:* ही मित्रबुरशी मूळकुज करणाऱ्या बुरशींशी लढते. रोपांची मर थांबवायला ती कामाची आहे. चिलटं मारायला नाही.

*बिव्हेरिया, मेटारायझियम:* या कीटकांना रोग करणाऱ्या बुरशी आहेत. हुमणी आणि इतर किडींसाठी मिळतात. चिलटांवर त्यांचे निकाल एकसारखे येत नाहीत, म्हणून पहिला खर्च यांच्यावर नको.

*शिकारी कोळी आणि भुंगे:* परदेशी व्हिडिओंमध्ये मातीतले शिकारी कोळी आणि छोटे भुंगे दाखवतात. तिथल्या हरितगृहांत ते खरंच चालतात. पण परदेशातून जिवंत जीव मागवायला भारतात सरकारी परवाना लागतो. ऑनलाइन मागवायच्या फंदात पडू नका.

हे मात्र करू नका

*थायमेटचे दाणे:* शेतीच्या घरात जुनं फोरेट, म्हणजे लोक ज्याला थायमेट म्हणतात ते, कोपऱ्यात पडलेलं असतं. 'चार दाणे टाक, सगळं मरेल' असा सल्लाही मिळतो. फोरेट माणसासाठी अत्यंत विषारी आहे आणि भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. डायक्लोरव्हॉसवरही त्याच तारखेपासून बंदी आहे. ज्या कुंडीत मुलं हात घालतात, ज्यातली तुळस किंवा कोथिंबीर आपण खातो, तिथे ही औषधं कधीही नकोत.

*तंबाखूचं पाणी:* नैसर्गिक असलं तरी निकोटिन हे विष आहे. शिवाय तंबाखूतून येणारा मोझॅक विषाणू टोमॅटो आणि मिरचीला लागू शकतो.

*सगळं एकदम:* हायड्रोजन पेरॉक्साइड, बुरशीनाशक आणि सूत्रकृमी एकाच आठवड्यात ओतले तर आधीच्या औषधाने नंतरचा मित्र मरतो. एक उपाय निवडा आणि त्याला पूर्ण महिना द्या.

चार आठवड्यांचा कार्यक्रम

एकही रुपया खर्च करण्याआधी एक शब्द आठवा: वापसा. पाऊस किंवा पाणी झाल्यावर जमीन ओली असते, पण चिखल नसतो आणि मुळांना हवा मिळते, ती अवस्था. शेतकरी वापसा आल्याशिवाय रानात पाय घालत नाही. कुंडीलाही तोच नियम लावा.

*पहिला आठवडा:* बटाट्याची चकती लावून कुठल्या कुंडीत अळ्या आहेत ते शोधा. त्या कुंड्या बाजूला करा. ताटल्यांतलं साचलेलं पाणी ओता, तळाची भोकं मोकळी करा. मातीचा वरचा एक इंच थर काढून टाका. पिवळा सापळा लावा. बोट दोन इंच खाली घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या. आठवड्याच्या शेवटी बीटीआयची पहिली पाळी.

*दुसरा आणि तिसरा आठवडा:* ५ ते ७ दिवसांनी बीटीआयची दुसरी, मग तिसरी पाळी. रोजच्या पाण्याच्या वेळीच ती द्या, जादा पाणी नको. या काळात चिलटं दिसत राहतील, कारण आधीचे कोष फुटत असतात. 'औषध चाललं नाही' असं म्हणून अनेकजण नेमके इथेच थांबतात.

*चौथा आठवडा:* सापळ्यावरची संख्या मोजा. ठळक घट दिसली तर फक्त पाण्याची शिस्त चालू ठेवा. घट नसेल तर लेबल पुन्हा वाचा, तळाशी पाणी साचतंय का बघा आणि शेजारची 'निरोगी' वाटलेली कुंडी तपासा.

तुळशीचं पाणी बंद करायची गरज नाही. तांब्याऐवजी पळीभर घाला, प्रथाही राहील आणि वापसाही. वृंदावनाला भोक नसेल तर आत भोकाची कुंडी ठेवून तिच्यात तुळस लावा.

पुढच्या हंगामाची तयारी उन्हाळ्यातच करता येते. कुंडीत भरायची माती आणि खत किंचित ओलं करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि एप्रिल–मेमध्ये गच्चीवर चार ते सहा आठवडे तापू द्या. शिरूर–दौंडचं ऊन हे काम फुकटात करतं. अंडी, अळ्या आणि बऱ्याच रोगकारक बुरशी त्यात मरतात. ट्रायकोडर्मा किंवा इतर जैविक खत मिसळायचं असेल तर माती थंड झाल्यावर.

दुकानात गेल्यावर लेबलावर काय बघायचं?

– जीवाचं पूर्ण नाव. नुसतं 'जैविक' किंवा 'बीटी' नको, उपप्रकार हवा.
– कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा नोंदणी क्रमांक. कीड मारण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनावर तो असायलाच हवा.
– तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. जिवंत औषधासाठी ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे.
– विषारीपणाचा त्रिकोण. हिरवा सर्वांत सौम्य, मग निळा, पिवळा आणि लाल सर्वांत घातक. लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं काहीही घरातल्या कुंडीसाठी नको.
– पक्कं बिल. ते मागितलं की दुकानदारही नेमकी वस्तू देतो.

शंका असेल तर पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. बटाट्याच्या चकतीखालच्या अळ्यांचा जवळून काढलेला फोटो आणि औषधाच्या लेबलाचा फोटो सोबत न्या. या दोन फोटोंवरून मिळणारं उत्तर कुठल्याही रीलपेक्षा जास्त उपयोगाचं असेल.